कागदावरून कुंडीत: सह्याद्रीच्या कंदीलपुष्पांची गोष्ट

डिसेंबरात कोल्हापूरच्या बागा ऐन भरात असतात. शेवंती, डेलिया, गुलाब, झेंडू. बंगल्याच्या अंगणापासून प्रदर्शनाच्या मांडवापर्यंत रंगच रंग. त्याच दिवसांत शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पाच्या कुंडीपाशी गेलं, तर बघण्यासारखं काहीच नसतं. कोरडी माती, तिच्यावर वेलाचा वाळका दोर, शेजारी नावाची पट्टी. नवख्या माणसाला वाटेल, रोप मेलं. दया येऊन तो तांब्याभर पाणी ओतेल आणि नेमका तिथेच घात होईल. मातीखाली कंद जिवंत असतो. अवेळी मिळालेलं पाणीच त्याला कुजवतं.

कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. सह्याद्रीत वेगवेगळ्या भागांत खरपुडी, खरचुडी, हमण अशा नावांनी ओळखली जाणारी ही बहुवर्षायू झाडं. काही वेली, काही घोट्याएवढी किंवा वीतभर उभी रोपं. वर्षातले चार-पाच महिने ती जमिनीवर दिसतात, उरलेला काळ कंदात जगतात. भारतात या वंशाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा फक्त भारतात सापडतात आणि त्यांचं मोठं माहेर पश्चिम घाटात आहे. एखादी जात दोन-चार डोंगरांपलीकडे कुठेच नाही, असंही इथे घडतं.

या झाडांना नावं मिळायला सुरुवात झाली त्याला आता पावणेतीनशे वर्षं होत आली. त्यांचं वर्षभराचं राहणीमान समजून घेऊन ती बागेत सांभाळण्याचं काम मात्र त्या मानाने अलीकडचं आहे, आणि त्यात कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. नाव देणारा माणूस झाडाला एकदा भेटला तरी चालतं. जगवणाऱ्याला बारा महिने त्याच्यापाशी राहावं लागतं.

फूल एकदा जवळून पाहिलं की माणसं या झाडांच्या नादी का लागतात ते कळतं. खाली फुगीर बुड, त्यावर अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्या. पण या पाकळ्या इतर फुलांसारख्या मोकळ्या पसरत नाहीत. बहुतेक जातींत त्यांची टोकं वर एकमेकींना चिकटतात आणि मध्ये पाच खिडक्या राहतात. त्यामुळे सगळं फूल टांगलेल्या कंदिलासारखं दिसतं. कुठे पांढुरक्या नळीवर जांभळे ठिपके, कुठे हिरवट पिवळ्या पाकळ्यांवर गर्द तपकिरी कडा, कुठे केसांची झालर.

हा सगळा थाट बारीक माश्यांसाठी असतो. वासाने ओढली गेलेली माशी खिडकीतून आत शिरते आणि गुळगुळीत नळीतून खाली घसरते. नळीच्या आत खालच्या दिशेला वळलेले केस असतात. खाली जाताना ते आडवे येत नाहीत, वर येताना वाट अडवतात. बुडाच्या भिंतीला पातळ जागा असतात, तिथून उजेड आत येतो. बाहेर पडायला धडपडणारी माशी त्या उजेडाकडे जाते, आणि फुलाचे पुंकेसर-स्त्रीकेसर नेमके तिथेच असतात. या कुळात परागकण सुटे नसतात. त्यांच्या मेणचट गोळ्यांची जोडी एका सूक्ष्म चिमट्याला जोडलेली असते. तो चिमटा माशीच्या तोंडाला अडकतो. काही काळाने नळीतले केस कोमेजतात, वाट मोकळी होते आणि माशी पराग घेऊन दुसऱ्या फुलाच्या सापळ्यात शिरायला निघते. आपल्या ओळखीची रुईसुद्धा याच गोतावळ्यातली. तिच्याही फुलात परागांच्या अशाच जोडगोळ्या असतात, पण सापळा नसतो.

वासाची करामत किती पुढे जाऊ शकते, ते २०१६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनाय या जातीवरच्या संशोधनात दिसलं. कोळ्याने पकडलेल्या किंवा जखमी झालेल्या मधमाशीच्या अंगाला जो वास सुटतो, त्याच्याशी जुळणारा वास हे फूल तयार करतं. अशा मधमाशीच्या अंगातून पाझरणाऱ्या रसावर जगणाऱ्या माश्या त्याला भुलतात. सह्याद्रीतल्या जातींच्या वासांचा असा हिशेब मांडणं हे पुढच्या पिढीसमोरचं काम आहे.

या वंशाची युरोपीय विज्ञानाशी पहिली मोठी गाठ पडली ती मलबारात. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यासाठी माहिती पुरवणाऱ्यांत मलबारी वैद्य इट्टी अच्युदन होता. त्याच्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. या तिघांचं १६७५ सालचं प्रशस्तिपत्र देवनागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेलं आहे. ग्रंथात कंदिलासारख्या फुलांच्या एका वेलाचं चित्र आलं. पुढे १७५३ साली कार्ल लिनियसने त्याच चित्राच्या आधाराने त्याला सेरोपेजिया कँडेलाब्रम हे नाव दिलं. लिनियस भारतात कधी आला नाही. या वंशाची शास्त्रीय ओळख अशी पहिल्यापासून कागदावरच्या कागदावर झाली.

त्यानंतरची दीडशे वर्षं नावांची होती. कोरोमंडल किनाऱ्यावर काम करणाऱ्या विल्यम रॉक्सबर्गने सेरोपेजिया बल्बोझाचं वर्णन केलं. लोक तिचे कंद कच्चे खातात आणि कालवणात शिजवतात, हेही त्याने नोंदवलं. रॉबर्ट वाइट आणि वॉकर-आर्नॉट यांनी १८३४ साली हिर्सुटा या जातीला नाव दिलं. मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी जे. एस. लॉ फावल्या वेळात झाडं गोळा करी. त्याच्या नावावरून जोसेफ हूकरने ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त लॉई ही जात नोंदवली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला आणि तोवरची माहिती एका जागी आणली.

बागा त्या काळातही होत्या, पण त्यांचा कल वेगळा होता. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पती बाग होती. १८३८ पासून ती डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या ताब्यात होती. औषधी झाडं, व्यापारी पिकं, परदेशातून आणलेल्या जातींची रोपं, हे तिचं मुख्य काम. तिथल्या झाडांची चित्रं एका पोर्तुगीज-भारतीय, नाव मागे न राहिलेल्या चित्रकाराने १८४७ ते १८५० दरम्यान काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. कोल्हापूर संस्थानातही पुढे छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करून पाहिले. राज्याला उत्पन्न देणारं पीक रुजवावं, हा त्यामागचा विचार होता आणि त्या काळाला तो धरूनच होता. डोंगरावरच्या गवतात चार महिने उगवून नाहीशा होणाऱ्या, बाजारात काडीची किंमत नसलेल्या कंदाकडे कुणाची नजर वळायचं कारण नव्हतं.

कंदीलपुष्पं मग मुख्यतः कागदातच गेली. दाबून वाळवलेल्या नमुन्याचं मोल मोठं असतं. तो शंभर-दोनशे वर्षं टिकतो आणि ‘हीच ती जात’ याचा पुरावा ठरतो. पण कंदीलपुष्प कागदात दाबलं की त्याचा कंदील चपटा होतो. नळीचा बाक जातो, पाकळ्यांची जाळी मोडते, रंग उडतो. पुढच्या अभ्यासकाला त्या तपकिरी डागावरून मूळ आकाराचा अंदाज बांधावा लागतो. या वंशातल्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करताना पिढ्यानपिढ्या जो घोळ झाला, त्याचं हे एक मोठं कारण.

विसाव्या शतकात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर ब्लाटर आणि चार्ल्स मॅक्कॅन यांनी इलाख्याच्या वनस्पतींची फेरतपासणी केली. पाचगणीच्या परिसरातली पांचगणीएन्सिस ही जात त्यांच्या खात्यावर आहे. जर्मन शास्त्रज्ञ हर्बर्ट हूबर यांनी १९५७ साली जगभरच्या सेरोपेजियांचा एकत्र आढावा घेतला. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात सुरू झालं आणि सह्याद्रीत नव्या दमाने फिरणं चालू झालं. या केंद्रातले एम. वाय. अन्सारी हे भारतीय कंदीलपुष्पांचे मोठे जाणकार. हूबेरी, सह्याद्रिका, जैनी, महाबळेई, संतापावी अशा कितीतरी जातींच्या नावांमागे त्यांचं किंवा त्यांच्या सहकाऱ्यांबरोबरचं काम आहे. १९८४ साली त्यांनी भारतातल्या सेरोपेजियांवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली.

या नावांची यादी म्हणजे पश्चिम भारताच्या वनस्पतिशास्त्राचा वंशवृक्षच आहे. संतापावी हे फादर संतापाव यांच्यासाठी, महाबळेई पुण्याच्या प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांच्यासाठी, मॅक्कॅनाय चार्ल्स मॅक्कॅनसाठी. माणसांची आठवण झाडांवर अशी कोरली गेली. पण याच जातींची नावं पुढे देशातल्या संकटग्रस्त वनस्पतींच्या ‘रेड डेटा बुक’मध्येही एकामागून एक उतरली. काही जाती पहिल्या नमुन्यानंतर कित्येक दशकं कुणाला दिसल्याच नव्हत्या.

शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झालं. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्याचं उद्घाटन केलं आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. शहराच्या पूर्वेला सागरमाळाच्या उघड्या माळरानावर ८५३ एकरांचा परिसर मिळाला. जागा ऐसपैस, पाण्याची मात्र ओढाताण. पण वनस्पतींच्या अभ्यासकाला कोल्हापूरसारखं ठाणं मिळणं कठीण. पश्चिमेला तास-दोन तासांच्या अंतरावर पन्हाळा, मसाई पठार, आंबा घाट, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड. दक्षिणेला चंदगड आणि त्यापलीकडे आंबोली. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळकडे त्याचा दहावा हिस्साच. एकाच जिल्ह्यात सदाहरित रान, जांभ्या दगडाचे सडे, गवताळ उतार आणि कोरडा माळ, असं सगळं सापडतं.

या भूगोलाचा पुरेपूर उपयोग केला तो प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. यादव आणि मिलिंद सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ २००२ साली विद्यापीठाने प्रसिद्ध केला. कंदीलपुष्पांवरचं काम त्याच्या आधीपासून चालू होतं आणि नंतरही राहिलं. २००६ साली सिंधुदुर्गातली मोहनरामी आणि नाशिकच्या अंजनेरी डोंगरावरची अंजनेरिका, २०१२ साली कोकणातली कोंकणेन्सिस अशा नव्या जाती या गटाने शास्त्रापुढे मांडल्या. शरद कांबळे आणि यादव यांनी २०१९ मध्ये भारतातल्या या सगळ्या गोतावळ्याची सविस्तर फेरमांडणी प्रसिद्ध केली.

या कामाचा दुसरा भाग बागेत झाला. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने १९९२ मध्ये वनस्पती उद्यानांना साहाय्य देणारी योजना सुरू केली. दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ झाडं सांभाळणाऱ्या काही उद्यानांना तिच्यातून ‘लीड बोटॅनिकल गार्डन’ म्हणजे अग्रणी उद्यानाचा दर्जा मिळाला. शिवाजी विद्यापीठाचं उद्यान त्यांतलं एक. डोंगरावरून आणलेली कंदीलपुष्पं तिथे लावली गेली, वाढवली गेली, त्यांची संख्या वाढवण्याचे मार्ग शोधले गेले. एकाच ठिकाणी अनेक जाती जिवंत, शेजारीशेजारी फुललेल्या बघायला मिळाल्यावर वर्गीकरणातले जुने वादही सोपे झाले.

कंदीलपुष्प बागेत राखायचं म्हणजे पावसाच्या नक्षत्रांप्रमाणे चालायचं. वर्षाची सुरुवात रोहिणीत होते. कोल्हापूरला त्याआधीच, एप्रिल-मे मध्ये, वळिवाचे एक-दोन जोराचे फटकारे बसतात. डोंगरउतारावर हे पाणी घडीभरात निथळून जातं, पण कुंडीत ते तळाशी साचतं. कंद अर्धवट जागा होतो, आणि पुढे पंधरा दिवस ऊन पडलं तर कोंब जळतो किंवा कंद सडतो. म्हणून वळिवात कुंड्या आडोशाला, आणि खरा पाऊस धरला की उघड्यावर.

मृगाच्या आसपास माती बदलायची. ज्या जमिनीत ही झाडं वाढतात ती बहुधा उथळ असते. जांभ्याची खडी, वाळू, थोडी पालापाचोळ्याची माती, आणि पाणी क्षणभरही न ठरणं हा तिचा गुण. शेणखताने भरलेली काळी माती उसाला मानवते, या कंदाला नाही. कंद चपटा किंवा गोलसर, बहुतेकदा लहानशा बटाट्याच्या आतबाहेर. त्याच्या वरच्या बाजूला मधोमध डोळा असतो. तो वरच राहील अशा बेताने कंद इंच-दीड इंच खोल ठेवतात. आर्द्रात कोंब वर येतो. वेल असेल तर त्याला बारीक काठी हवी. उभ्या जातींना आधार लागत नाही, उलट आजूबाजूचं थोडं गवत त्यांना मानवतं. अटेन्युएटासारख्या जातीची पानं तर गवतासारखीच अरुंद असतात. फूल आल्याशिवाय ती सापडत नाही, आणि बागेत निंदायला बसलेला माणूस तिला तण समजून उपटू शकतो.

पुनर्वसू आणि पुष्याच्या झडीत गोगलगायी सगळ्यात जास्त नुकसान करतात. कोवळा शेंडा एका रात्रीत जातो, आणि शेंडा गेला की त्या वर्षीची फुलंही बहुधा जातात. पाऊस उघडला की पिवळा मावा येतो, जो रुईवरही दिसतो. प्लेन टायगर हे तांबूस नारिंगी फुलपाखरू कधी कधी याच वेलांवर अंडी घालतं आणि त्याच्या पट्टेदार अळ्या पानं फस्त करतात. रानात हे चालायचंच. पण एखाद्या जातीचे उद्यानात मोजकेच वेल असले की अळ्या हाताने उचलून रुईच्या झाडावर नेऊन सोडाव्या लागतात. दुर्मीळ झाडावर विषारी फवारा मारला तर ज्या माश्यांकडून परागीभवन व्हायचं त्याही मरतात.

आश्लेषा-मघापासून फुलं धरू लागतात. ऑगस्ट, सप्टेंबर हा मुख्य बहर. काही जाती ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतात. फुलांची रेलचेल असली तरी शेंगा थोड्याच धरतात. नेमकी माशी यायला हवी, तिने आधी दुसऱ्या फुलाचा पराग उचललेला असायला हवा आणि तो नेमक्या फटीत बसायला हवा. डोंगरावर झाडं विखुरलेली, बागेत तर ओळखीच्या माश्याच नाहीत. इथे माणसाला माशीचं काम करावं लागतं.

हे काम बघण्यासारखं असतं. फुलाच्या बुडाशी ब्लेडने खिडकी कापून आतला भाग भिंगाखाली आणायचा. मिलिमीटरहून लहान असलेल्या चिमट्याला सुईचं टोक लावायचं आणि परागाच्या दोन्ही गोळ्या अलगद वर काढायच्या. मग दुसऱ्या फुलात दोन परागकोशांच्या मध्ये जी फट असते, तिथे त्यातली एक गोळी योग्य कडेने सरकवायची. उलटी बसली तर सगळी मेहनत वाया. हात थरथरून चालत नाही आणि दुपारच्या वाऱ्यातही हे जमत नाही. झाडाला दोरा बांधून तारीख लिहायची आणि वाट बघायची. साधलं तर काही दिवसांत बारीक हिरव्या शेंगांची जोडी वर येते.

उत्तरा, हस्त ओलांडून पाऊस परतला की पाणी हळूहळू तोडायचं. पानं पिवळी पडतात. शेंगा मात्र अजून भरत असतात, म्हणून एकदम कोरडं करूनही चालत नाही. वर्षभरातला हा सगळ्यात नाजूक हिशेब. शेंग वाळून तडकली की आतल्या बियांना रेशमी केसांचा झुबका असतो. मुलं जिला ‘म्हातारी’ म्हणून हवेत सोडतात, तिच्याच जातीचा. एका झुळकीत वर्षाचं पीक उडून जाऊ शकतं. म्हणून शेंग तडकण्याआधी तिच्यावर मलमलची पिशवी बांधतात. बी फार काळ टिकत नाही, पुढच्या पावसाळ्याला पेरलेलं बरं. उतीसंवर्धनानेही काही जातींची रोपं तयार करता आली आहेत. पण सगळी रोपं एकाच मातृवेलापासून आली तर ती सारखीच निघतात. रोग आला तर सगळ्यांवर एकदम येतो. बियांपासूनच्या रोपांत वैविध्य राहतं.

कार्तिक सरला की वेल सुकतो आणि कुंडी पुन्हा रिकामी दिसू लागते. मार्गशीर्ष ते वैशाख या काळात माळ्याचं काम म्हणजे राखण. उंदरांपासून कंद वाचवायचा, पट्टीवरचं नाव उडालं असेल तर पुन्हा लिहायचं, आणि पाणी द्यायचं नाही. झोपलेले कंद एकमेकांसारखेच दिसतात. पट्टी हरवली तर कोणती जात कुठल्या डोंगरावरून आली हे पुढच्या फुलापर्यंत कळत नाही, आणि त्या झाडामागची माहिती गेली की शास्त्राच्या दृष्टीने त्याची अर्धी किंमतही गेली.

याच वंशाची एक परदेशी बहीण आज जगभरच्या दिवाणखान्यात लोंबते. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात जॉन मेडली वुड यांना १८८१ साली सापडलेली सेरोपेजिया वुडाय. बदामी आकाराची ठिपकेदार पानं असलेला तिचा नाजूक वेल आपल्याकडच्या रोपवाटिकांतही मिळतो. तिच्या देठावरच मण्यांसारखे बारीक कंद धरतात. एक मणी मातीवर ठेवला की नवं रोप तयार. सह्याद्रीतल्या बहुतेक जातींना ही सोय नाही. जमिनीखाली एकच कंद असतो. तो काढला की तिथलं झाड संपलं.

घरच्याच गोतावळ्यातलं वेगळं उदाहरण म्हणजे शिंदळ माकुडी. निकोल डाल्झेल यांनी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका असं नाव दिलं. शिवनेरीसारख्या मोजक्या कड्यांवर ती उरली आहे. जगातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या बारा वनस्पतींत एके काळी तिचं नाव घेतलं गेलं. पण तिचा मांसल फाटा छाटून लावला तर रुजतो, त्यामुळे बागांमध्ये ती चांगली पसरली. २०१७ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ही शिंदळ माकुडी आणि तिच्यासारखे अनेक वंश सेरोपेजियातच मिसळावेत अशी मांडणी केली. ती सगळ्यांना मान्य नाही. पट्ट्यांवरची नावं अजून काही वर्षं बदलत राहणार.

डोंगरावरची परिस्थिती बागेइतकी आटोक्यात नाही. कंद चवीला बरे लागतात, त्यामुळे गुराख्यांची पोरं ते उकरून खात आली. साळिंदर आणि रानडुकरंही खातात. एवढ्याने शतकानुशतकं जाती संपल्या नव्हत्या, कारण पुढच्या डोंगरावर आणखी झाडं होती. आता तो पुढचा डोंगर मोकळा राहिलेला नाही. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला आणि चंदगडकडे बॉक्साइटच्या खाणी झाल्या. बॉक्साइट मिळतं ते नेमकं जांभ्याच्या सड्यांखाली, म्हणजे या कंदांच्या घरातच. पठारांवर रस्ते, पवनचक्क्या, पर्यटकांच्या गाड्या आल्या. फाल्गुन-चैत्रात लागणाऱ्या वणव्यांत खोल कंद वाचतात, पण वर पडलेलं बी जळतं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला आणि त्यात राधानगरी, चांदोली, कोयना, कास यांचा समावेश झाला. पण कंदीलपुष्पांची बरीच ठिकाणं अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गायरानात आणि खाजगी मालकीच्या कड्यांवर आहेत.

म्हणून यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेल्या उपायांत बागेतली जोपासना ही पहिली पायरी आहे. वाढवलेली रोपं मूळ अधिवासात परत नेणं ही तिच्या पुढची. परत नेताना बागेत शिकलेला प्रत्येक धडा उपयोगी पडतो: कुठल्या जातीला कडा हवा, कुणाला सडा, कुणाला झुडपाचा आधार, आणि कुठल्या डोंगराची रोपं कुठल्या डोंगरावर न्यायची नाहीत. मृगात लावलेला कंद त्याच श्रावणात फुलला तर फोटो छान येतो, पण ते फूल कंदात साठलेल्या अन्नावर आलेलं असू शकतं. दुसऱ्या पावसाळ्यात कोंब आला का, हे बघावं लागतं. मग शेंग धरली का, म्हणजे तिथल्या माश्यांना ते फूल सापडलं का. आणि त्यानंतर, दोन-चार पावसाळे गेल्यावर, कुणीही न लावलेलं एखादं रोप खालच्या बाजूच्या गवतात उगवलं का, याची नोंद घ्यायला त्याच उताराला पुन्हा जावं लागतं.